अडीच मिनिटांची कमाई, तीस मिनिटांची वसुली

धावक पुण्याचा, वय ४३, वजन ७२ किलो, नोकरी बसून करायची. चार वर्षं नियमित धावतोय. हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) सहा वेळा झालेली, त्यातली सर्वोत्तम वेळ १:५८:४०. ती डिसेंबरात पुण्यातच, सपाट मार्गावर आणि स्वेटर घालून घराबाहेर पडावं अशा थंडीत आलेली. त्यानंतर पाच आठवड्यांनी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, म्हणजे त्याची पहिली फुल (४२.१९५ किलोमीटर). लक्ष्य चार तासांच्या आत. प्रत्यक्षात लागले ४ तास ३० मिनिटं १० सेकंद, आणि शेवटच्या बारा किलोमीटरमधला बराचसा रस्ता त्याने चालत काढला.

शर्यतीनंतर त्याचं स्वतःचं निदान असं: "मीठ कमी पडलं. पोटऱ्यांत गोळे आले नसते तर चार तास नक्की होते." त्याच्या घड्याळातली नोंद, सरावाची वही आणि दोन दिवसांचं खाणंपिणं एकत्र मांडलं, तेव्हा गोष्ट वेगळीच निघाली. गोळे आले हे खरं. पण ते आले तोवर चार तास केव्हाच हातचे गेले होते.

आधी आकडे. घड्याळाच्या किलोमीटरवर न जाता हे रस्त्यावरच्या पाट्यांप्रमाणे जुळवून घेतले आहेत. चार तासांत संपवायचं तर किलोमीटरमागे ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात; किलोमीटरमागच्या या वेळेलाच धावक 'पेस' म्हणतात.

० ते ५ किमी – २७:१० (पेस ५:२६, हृदयगती सरासरी १६३)
५ ते १० – २७:४० (५:३२, १६७)
१० ते १५ – २८:२० (५:४०, १७०)
१५ ते २० – २८:०५ (५:३७, १७१)
२० ते २५ – २८:५० (५:४६, १७५)
२५ ते ३० – ३०:४० (६:०८, १७७)
३० ते ३५ – ३६:३० (७:१८, १६६)
३५ ते ४० – ४४:२० (८:५२, १४८)
शेवटचे २.१९५ – १८:३५ (८:२८)

पहिला अर्धा भाग १:५७:२६. म्हणजे आयुष्यातल्या सर्वोत्तम हाफपेक्षा सव्वा मिनिट कमी, आणि पुढे आणखी २१ किलोमीटर बाकी. ही एक ओळ वाचून अनुभवी माणूस वही मिटून ठेवेल. पण धावकाला त्या क्षणी आनंद झाला होता, कारण चार तासांच्या हिशोबात तो अर्ध्या वाटेवर अडीच मिनिटं पुढे होता. धावणाऱ्यांच्या बोलीत याला 'बँकेत वेळ टाकणं' म्हणतात. ३० किलोमीटरच्या पाटीवर तो चार तासांच्या वेळापत्रकापेक्षा पंधरा सेकंद मागे होता. अडीच मिनिटांची शिल्लक नऊ किलोमीटरमध्ये संपली आणि उरलेल्या बारांत तीस मिनिटं गेली.

चार तास आले कुठून

हाफची वेळ दुप्पट करून वर दहा-पंधरा मिनिटं, हा हिशोब सगळीकडे चालतो. त्याने तर जेमतेम दोन-अडीच मिनिटंच धरली होती. एका शर्यतीच्या वेळेवरून दुसरीचा अंदाज देणारं रीगेलचं सूत्र जरा बरं: अंतर दुप्पट झालं की वेळ २ चा १.०६ वा घात, म्हणजे सुमारे २.०८५ पटीने वाढते. १:५८:४० ला तसं गुणलं तर ४:०७ येतात. म्हणजे कागदावरसुद्धा चार तास नव्हतेच. शिवाय हे सूत्र मोठ्या अंतराचा पुरेसा सराव झालेल्या माणसासाठी आहे. आठवड्याला ४० किलोमीटरपेक्षा कमी धावणाऱ्याने त्यावर आणखी दहा मिनिटं धरावीत, आणि सूत्राला हवामान कळत नाही हेही लक्षात ठेवावं.

त्याच्या वहीत १८ आठवडे आहेत. सरासरी आठवड्याला ३८ किलोमीटर, सर्वांत मोठा आठवडा ५२. लाँग रन, म्हणजे लांब अंतराचे सराव, बहुतेक २० ते २४ चे, ३० चा एकच. तोही शर्यतीच्या अडीच आठवडे आधी, एनडीए रस्त्यावर, सकाळी सहाला, मध्ये चहासाठी वीस मिनिटं थांबून. चहाला कोणाचा विरोध नाही. पण घड्याळ थांबवून वीस मिनिटं बसलं की पायांना विश्रांती मिळते, साखरेचा चहा आत जातो आणि वहीत मात्र सलग ३० लिहिलं जातं. तीन तासांनंतर पाय काय म्हणतात, हे त्याला शर्यतीपूर्वी एकदाही ऐकू आलं नव्हतं.

दुसरा मुद्दा पुण्याच्या धावकांना दर वर्षी नडतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट थंड आणि कोरडी असते. मुंबईत त्याच महिन्यात पहाटेही हवा दमट असते, घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि अंगातली उष्णता वाळणाऱ्या घामाबरोबर बाहेर जाते, ओघळणाऱ्या नव्हे. शरीर या हवेला सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. शनिवारी सकाळी डेक्कन क्वीनने निघून रविवारी पहाटे धावणाऱ्याला तेवढा अवधी मिळत नाही. पुण्यात बसूनही थोडं करता येतं: शेवटच्या दोन आठवड्यांत तीन-चार सराव पहाटेऐवजी सकाळी नऊनंतर, अंगात एक जादा टी-शर्ट घालून, अगदी हळू. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात निदान एक लाँग रन मुंबईत जाऊन.

शनिवार

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. ते आधीच वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात जाऊन घ्यावं लागतं. त्याने ते शनिवारी घेतलं. रांग, स्टॉल, फोटो. संध्याकाळी घड्याळात १४,००० पावलं होती. बाहेरगावच्या माणसाला हे पूर्ण टाळता येत नाही, पण शुक्रवारी बिब घेऊन शनिवारी पाय वर करून पडणं शक्य असेल तर अर्धा दिवस रजा टाकावी. नवे बूट, नवे मोजे, नव्या चवीची जेल (धावताना घ्यायची दाट साखरेची पुडी) या तीन गोष्टी एक्स्पोतून घेतल्या तरी रविवारी वापरू नयेत. त्याने जेल नवी घेतली.

मुक्काम दादरला मावशीकडे. संक्रांत नुकतीच झालेली. रात्री ताटात मटकीची उसळ, कोशिंबीर, तुपाने थबथबलेल्या दोन गुळपोळ्या आणि थोडा भात. मावशीच्या प्रेमापुढे कुठलाही आहारतक्ता टिकत नाही हे मान्य. तरी हिशोब पाहावा. शर्यतीआधीच्या दीड दिवसात शरीराच्या दर किलोमागे रोज ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं जावीत. ७२ किलोच्या माणसाला ती ५८० ते ७२० ग्रॅम होतात. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत ४५ ग्रॅमच्या आसपास, एका पोळीत १५ ते १८, मध्यम केळ्यात २५. म्हणजे दिवसभर भात, बटाटा, केळी, साबुदाणा, साखरेचं सरबत असं थोडं थोडं चालू ठेवलं तरच आकडा गाठतो, रात्रीच्या एका भरगच्च जेवणाने नाही. उसळ आणि कोशिंबीर एरवी उत्तम, पण आदल्या रात्री नकोत. तो चोथा पहाटे साडेचारला शौचालयाच्या रांगेत उभा करतो. इथेही केलाच. रांगेत पंचवीस मिनिटं गेली, वॉर्मअप झालाच नाही, आणि आपल्या गटाच्या मागच्या टोकाला उभं राहावं लागलं.

सकाळचं खाणं: चहा आणि दोन बिस्किटं. झोपेत यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो आणि तो भरायला सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी ७० ते १०० ग्रॅम कर्बोदकं लागतात. पाचला धावायचं असेल तर अडीचला उठून पांढरा ब्रेड-जॅम, दोन केळी आणि गोड चहा घ्यावा, हवं तर पुन्हा आडवं व्हावं. विचित्र वाटतं, पण लाँग रनच्या दिवशी दोन-तीनदा करून पाहिलं की अंगवळणी पडतं.

पहिले पाच किलोमीटर

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून, अंधारात. ढोल, माणसांचा लोंढा, हवा त्यातल्या त्यात गार, रस्ता सपाट. गटाच्या मागे अडकल्यामुळे पहिला किलोमीटर हळू गेला आणि तो भरून काढायला त्याने डावी-उजवी करत माणसं ओलांडली. दुसरा आणि तिसरा किलोमीटर ५:१५ च्या आत गेला. नंतर तो म्हणाला, की तेव्हा श्वाससुद्धा लागत नव्हता. पहिल्या अर्ध्या तासात कोणालाच लागत नाही. दोन आठवड्यांच्या टेपरने, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी केल्याने, पाय ताजे असतात, उत्साहाने अंग बधिर असतं, आणि श्रमाचा अंदाज हमखास चुकतो. त्या वेळी ऐकायचं ते हृदयगतीच्या आकड्याचं. त्याची कमाल गती १८६. चार-साडेचार तास टिकवायचं असेल तर सुरुवात त्याच्या ८० ते ८५ टक्क्यांत, म्हणजे १४९ ते १५८ मध्ये व्हायला हवी. पहिल्या पाच किलोमीटरची त्याची सरासरी १६३, तर दहा ते पंधरामध्ये १७०. डिसेंबरच्या हाफची सरासरीही १७० च होती. म्हणजे दहाव्या किलोमीटरपासून तो हाफ मॅरेथॉन धावत होता, अंतर मात्र फुलचं होतं.

घड्याळानेही थोडी फसवणूक केली. शर्यत संपली तेव्हा त्यावर ४२.९ किलोमीटर होते. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा सिग्नल उड्या मारतो, आणि मार्ग मोजताना वळणांची सर्वांत जवळची रेघ धरतात, आपण मात्र बाहेरून वळतो आणि माणसं चुकवत नागमोडी जातो. परिणाम असा, की घड्याळ दाखवत असलेला पेस खऱ्यापेक्षा पाच-सहा सेकंदांनी चांगला दिसतो. उपाय सोपा आहे: घड्याळातली आपोआप लॅप (टप्प्याची वेळ नोंदवणं) बंद करून दर पाटीला हाताने लॅप मारणे, किंवा दर पाच किलोमीटरचे वेळ मनगटावर पेनाने लिहून आणणे.

दोन दुखणी, एक आलेख

या प्रकरणात सर्वांत बोलकी गोष्ट हृदयगतीची रेषा आहे, आणि बहुतेक हौशी धावक ती उघडूनही पाहत नाहीत.

वीस ते तीसमध्ये पेस ५:३७ वरून ६:०८ वर घसरला, तरी हृदयगती १७१ वरून १७७ वर चढली. वेग कमी आणि ठोके जास्त, याचा अर्थ शरीर तापलं आहे. रक्ताचा मोठा वाटा थंडाव्यासाठी कातडीकडे वळलाय, घामाने एकूण द्रवही घटलाय, आणि हृदय ठोके वाढवून ती भरपाई करतंय. सी-लिंक त्याने पहाटेच्या वाऱ्यात, उजाडता उजाडता पार केला. सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवला, तेव्हा तो वांद्र्याकडून माहीमकडे परतत होता. आलेखातली ही चढण तिथूनच ठळक होते.

बत्तिसाव्या किलोमीटरनंतर चित्र उलटं होतं. पेस कोसळतो आणि हृदयगतीही कोसळते, १६६, मग १४८. निव्वळ उष्णतेने बेजार झालेल्या माणसाचे ठोके असे उतरत नाहीत, वरच राहतात. इथे हृदय रिकामं बसलंय, कारण पाय कामच मागत नाहीत. इंधन संपलंय आणि मांड्यांचे स्नायू फाटून थकलेत. हीच ती 'वॉल'.

इंधनाचं गणित अवघड नाही. धावताना दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते: ७२ गुणिले ४२, म्हणजे तीन हजारांच्या वर. स्नायू आणि यकृतात मिळून साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, दोन हजार कॅलरींच्या घरात. उरलेलं चरबीतून आणि तोंडावाटे येतं. पण चरबी हळू जळते. वेग जितका आपल्या मर्यादेच्या जवळ, तितका ग्लायकोजेनचा वाटा मोठा. म्हणून किलोमीटरमागे वीस सेकंद जलद धावण्याची किंमत वीस सेकंदांपुरती राहत नाही.

तोंडावाटे काय गेलं? चार जेल बरोबर होत्या, प्रत्येकीत २२ ग्रॅम. पहिली १ तास २५ मिनिटांनी घेतली, भूक लागल्यासारखी वाटली म्हणून. दुसरी २ तास २० मिनिटांनी, आणि तिच्यावर रस्त्याकडेच्या पाण्याच्या टेबलावरचं स्पोर्ट्स ड्रिंक प्यायला. दाट जेलवर पुन्हा साखरेचं पाणी पडलं की पोट ते आतड्यात ढकलत नाही, तिथेच घुसळत बसतं. त्यात चव नवीन. मळमळ सुरू झाली आणि उरलेल्या दोन जेल खिशातच राहिल्या. ३५ किलोमीटरपर्यंत एकूण ६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तासाला वीसपेक्षा कमी. हवे होते तासाला ४० ते ६०. नियम असा: पहिली जेल पस्तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला, भूक नसताना, दोन-तीन घोट साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे घड्याळ लावून. स्पोर्ट्स ड्रिंक घ्यायचं असेल तर दोन जेलच्या मधल्या टेबलावर.

पाण्याचं मात्र त्याने फारसं चुकवलं नव्हतं, हे सांगायला हवं. अंदाजे दोन लिटर प्यायला. पहाटेचं वजन ७२.४, नंतरचं ७०.१. म्हणजे तासाला सुमारे ९५० मिली घाम आणि ३.२ टक्के घट. दोन टक्क्यांपुढे कामगिरीवर परिणाम होतो, पण एवढ्याने माणूस पेडर रोडच्या चढावर बसत नाही. सगळं भरून काढण्याच्या नादात प्रत्येक टेबलावर ग्लासभर साधं पाणी रिचवणं जास्त धोक्याचं. रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या बरंच खाली गेलं की डोकं दुखतं, उलट्या होतात, बोटांवरची अंगठी घट्ट होते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. शर्यतीत वजन वाढलेला धावक दिसला तर त्याला आणखी पाणी पाजू नये, थेट वैद्यकीय तंबूत न्यावं.

पेडर रोड

जाताना सुरुवातीच्या भागात लागलेली हीच चढण त्याला आठवतही नव्हती. परतताना ती ३५-३६ ला आली. एरवी टॅक्सीतून जाणाऱ्याला तिथे चढ आहे हे जाणवत नाही. फुटपाथवर रहिवासी उभे असतात, हातात संत्र्याच्या फोडी, चिक्की, पार्ले-जी, मीठ, कोणाकडे स्प्रे. त्याने फोड घेतली, चालू लागला आणि चढ संपल्यावर उतारावर पुन्हा धावायला पाऊल टाकलं, तशी डावी पोटरी मुठीसारखी आवळली. स्प्रे मारला. कातडी गार झाली, गोळा तसाच. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला दाबून तीस सेकंद ताण दिला तेव्हा सुटला. दोनशे मीटरवर उजवी.

मीठ कमी पडलं का? थोडं पडलं असेल. ओआरएसचा एक घोटही त्याने घेतला नव्हता. पण मीठ संपूर्ण शरीरात कमी होतं, गोळा मात्र जो स्नायू सरावापेक्षा जास्त राबला त्यातच येतो. एकच तीस किलोमीटरचा सराव, सुरुवातीचे जलद किलोमीटर आणि आठवड्यात पायांच्या ताकदीचा एकही व्यायाम नाही, या तिन्हींचा भार पोटऱ्यांवर पडला. ताण दिल्यावर गोळा लगेच सुटतो, हेही तिकडेच बोट दाखवतं. ताण दिल्याने रक्तातलं मीठ वाढत नाही.

शेवटचा टप्पा मरीन ड्राइव्ह. नऊ वाजलेले, ऊन अंगावर, सावली तुरळक. इथे त्याने एक शहाणपणा केला: चार मिनिटं चालणं, एक मिनिट धावणं असं घड्याळावर बांधून घेतलं. त्यामुळेच ८:५२ चा पेस पुढे ८:२८ झाला.

हाच माणूस पहिल्या पाटीपासून ६:०५ ने धावला असता तर ४:१६:४१ मध्ये पोचला असता. म्हणजे हळू धावून साडेतेरा मिनिटं लवकर.

पुढच्या जानेवारीत

वर्षभरात बदललं ते एवढंच. आठवड्याची सरासरी ४८ वर आली. २८ ते ३२ चे चार लाँग रन झाले, चहा शेवटी. त्यातला एक मुंबईत. जेल एकाच प्रकारची, प्रत्येक लाँग रनला. बिब शुक्रवारी. मावशीला आधीच फोन करून वरण-भात आणि बटाट्याची भाजी सांगितली, गुळपोळ्या शर्यतीनंतर. दर पस्तीस मिनिटांनी एक अशा सहा जेल, आणि एक टेबल सोडून एका टेबलावर ओआरएस. पहिले पाच किलोमीटर ३१:०५, ज्यात मागच्या वर्षी त्याने ओलांडली असती अशी बरीच माणसं त्यालाच ओलांडून गेली. अर्धं २:०८:२०, उरलेलं २:०८:३०. एकूण ४:१६:५०.

मीठ या वेळी पुरेसं होतं, तरी चाळिसाव्या किलोमीटरला चर्चगेटजवळ डाव्या पोटरीत गोळा आलाच. तीस सेकंदांत सुटला. आता वहीत आठवड्यातून दोनदा, पायरीच्या कडेवर उभं राहून एका पायावर टाचा उचलणे, पंधराचे तीन संच, अशी नोंद आहे.